नजरेवर चालणाऱ्या व्हीलचेअरची चाचणी रुग्णांबरोबर व्हावी

महोदय,

डोळ्यांच्या हालचालींवर चालणारी व्हीलचेअर हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा आवडता विषय आहे आणि त्यांच्या या धडपडीचे मला मनापासून कौतुक वाटते. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे. मोटर न्यूरॉन आजाराने हातपाय आणि पुढे वाचाही गमावलेल्या रुग्णांच्या घरी माझे जाणे-येणे असते. या आजारात डोळे हलवणारे स्नायू बहुधा बऱ्याच उशिरापर्यंत साथ देतात, त्यामुळे ज्यांना जॉयस्टिक हलवता येत नाही, त्यांच्यापाशी नजर उरलेली असते. परंतु डोळ्यांचे पहिले काम पाहण्याचे आहे, आणि पाहणे थांबवून कोणालाही खुर्ची चालवता येणार नाही.

नेरुळमधील माझ्या एका रुग्णाशी त्यांच्या पत्नी अक्षरफलकाच्या मदतीने बोलतात. पत्नी अक्षरांवरून बोट फिरवतात आणि हवे ते अक्षर आले की रुग्ण नजर वर उचलतात. मध्येच दाराची कडी वाजली की त्यांचे डोळे दाराकडे जातात, नात खोलीत आली की तिच्यामागे फिरतात. यांतली कोणती नजर उत्तराची आणि कोणती सहज वळलेली, हे पत्नीला उमगते. खुर्चीला ते कसे उमगावे, हा खरा प्रश्न आहे. नजर डावीकडे गेली की डावीकडे वळायचे, एवढेच यंत्राला शिकवले तर रस्ता ओलांडण्यापूर्वी दोन्ही बाजूंना पाहणेसुद्धा धोक्याचे ठरेल. एखाद्या खुणेवर काही क्षण नजर रोखून आज्ञा देता येते, मात्र हा अवधी कमी ठेवला तर नको त्या आज्ञा जातात आणि वाढवला तर डोळे थकतात. म्हणून रुग्णाने पडद्यावर फक्त ठिकाण निवडावे आणि वाटेतले उंबरे, टेबले, माणसे टाळण्याचे काम खुर्चीवरील सेन्सरनी करावे, ही पद्धत मला अधिक सुरक्षित वाटते. कॅमेऱ्याला डोळे दिसेनासे झाले, तर खुर्ची आपोआप थांबलीच पाहिजे.

दुसरी अडचण उन्हाची. बहुतेक यंत्रे डोळ्यावर अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश टाकतात आणि त्याचा चमकणारा ठिपका व बाहुलीचा मध्य यांच्या स्थानांवरून नजरेची दिशा काढतात. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असल्याने खोलीत बिनचूक चालणारे यंत्र दुपारी उघड्यावर गोंधळू शकते. डोळ्यांभोवती, त्यांच्या हालचालींचे विद्युत संकेत टिपणारे इलेक्ट्रोड लावण्याच्या पद्धतीत प्रकाशाचा अडथळा नाही, पण आपल्या दमट हवेत घामाने ते सुटू लागतात.

दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये झाला. राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा असतो. नवी मुंबई महापालिकेचे वाशीत दिव्यांगांसाठी ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्रही आहे. या निधीतून नजरेने टंकलेखन करण्याची काही यंत्रे तेथून रुग्णांना घरी वापरायला द्यावीत, अशी माझी विनंती आहे. नजरेने आज्ञा देण्याचा सराव स्थिर पडद्यासमोर झाला, तरच पुढे रुग्णाला अशा खुर्चीवर बसवणे योग्य होईल. खुर्च्यांच्या चाचण्याही तेथेच, आणि नंतर शहराच्या खऱ्या पदपथांवर व्हाव्यात. चाचणी घेणाऱ्या गटात अभियंत्यांबरोबर रुग्ण व त्यांचे कुटुंबीय पहिल्या दिवसापासून असावेत, आणि थांबण्याची खूण कोणती असावी, हे खुर्चीत बसणाऱ्याने ठरवावे.

— एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, नेरुळ, नवी मुंबई