तांडेल काकांना, नाशिकहून मनापासून

आदरणीय तांडेल काका,
सप्रेम नमस्कार.

नाशिकरोडला सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबई बघायला निघणाऱ्यांसाठी तुम्ही दोन पानी टिपण लिहून दिलंत. त्याचे आभार फोनवर मानून मन भरेना. शिवाय टिपण अनेकांच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र उघडच लिहितो आहोत.

मुंबईत काय काय बघावं, याची यादी कुणीही देतं. बंदरातलं पाणी केव्हा चढलेलं असेल आणि केव्हा उतरलेलं, हे मात्र तुमच्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. गोदेला पाणी वाढतं ते पावसाने, नाहीतर गंगापूर धरणातून सोडल्यावर. दिवसातून दोनदा आपणहून चढणारं पाणी आम्हा नाशिककरांच्या हिशेबातच नसतं. तुमचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयावर बसतो: तिथीचा आकडा घ्यायचा, तिनाने गुणायचा, चाराने भागायचा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध असो की वद्य, आकडा तोच. तिथून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा भरती. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक बघायचंच, हेही तुम्ही अधोरेखित केलंत.

या एका हिशेबाने दिवसाची आखणीच बदलते. पंचवटी वेळेवर असली की पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला लागते. त्या दिवशी पौर्णिमा असेल आणि माणसं हाजीअलीला गेली, तर दर्ग्याची वाट ऐन उधाणात पाण्याखाली असते आणि काठावर ताटकळावं लागतं. अष्टमीला दुपारी ओहोटी असते, शिवाय भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी, असल्याने पाण्याची चढउतारही कमी. हाजीअली तेव्हा करावी; दादरला उतरून पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाडीने महालक्ष्मीला जावं.

तीच पौर्णिमा शिवडीला मात्र सोन्यासारखी. डिसेंबर ते मे या दिवसांत फ्लेमिंगो तिथल्या चिखलात चरतात. पूर्ण ओहोटीला चिखल मैलभर उघडा पडतो आणि पक्षी लांब गुलाबी रेघेसारखे दिसतात. पूर्ण भरतीला चिखलच झाकला जातो. म्हणून भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास धरावेत. चढतं पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणतं, नाहीतर उतरत्या पाण्यामागे ते चालत जातात. सीएसएमटीच्या १ आणि २ नंबर फलाटांवरून सुटणारी हार्बरची कुठलीही गाडी शिवडीला थांबते, पनवेलची असो की गोरेगावची, कारण फाटा पुढे वडाळ्याला फुटतो. ही एक ओळ वाचून नवख्या माणसाची इंडिकेटरखालची घालमेल संपते. उतरायचं पूर्वेला.

घारापुरीबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंत, आणि ते योग्यच. सोमवारी लेणी बंद. लाँच गेटवेवरून सुटते, भाऊच्या धक्क्यावरून नाही. ‘बोटीने जायचंय’ एवढंच सांगून टॅक्सीत बसणारे चुकतात ते इथेच. ओहोटीला गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. लाँच एकीला एक लावून बांधलेल्या असतात, त्यामुळे कधी एकीतून दुसरीत जावं लागतं. पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. लाट लाँचला वर उचलते, क्षणभर काठ पायरीच्या पातळीला येतो. पाय टाकायचा तो तेव्हा, लाँच खाली जाताना कधीच नाही. खलाशाची बोटं धरू नयेत, त्याचं मनगट धरावं आणि त्याला आपलं धरू द्यावं. ओल्या बोटांची पकड सुटते, मनगटाची सुटत नाही. गुडघ्यांनी कुरकुरणाऱ्या आज्यांसाठी याहून मोलाचं वाक्य टिपणात दुसरं नाही.

लाइफ जॅकेट मागून घ्यावं, पट्टे आवळावेत, मुलांना मुलांच्याच मापाचं द्यावं. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट फेरीबोटीवर आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर याबद्दल कुणी कंटाळा करू नये. मळमळणाऱ्यांनी खालच्या डेकवर मधोमध बसावं, तिथे हेलकावे कमी. दुपारनंतर खारा वारा वाढतो, त्यामुळे परतीची लाँच जाण्यापेक्षा जास्त हलते. जेवण त्या बेताने.

प्रवास तासाभराचा. पुढे लांब धक्का, हवी तर छोटी आगगाडी, मग सुमारे १२० पायऱ्या. पांडवलेणी चढणाऱ्याला त्या जाचत नाहीत, पण माकडं हातातली बाटली आणि पुडा हिसकतात. दोन्ही पिशवीत असू द्यावं. महेशमूर्ती सुमारे २० फुटांची आहे आणि उत्तरेकडे तोंड करून खोल सावलीत बसलेली आहे. उन्हातून थेट आत गेलं की काळोखच दिसतो. पाच मिनिटं गप्प उभं राहावं. आधी मधला चेहरा, मग डावीकडचा उग्र भैरव, मग उजवीकडचा कोमल, असे उलगडत येतात. तुम्ही ‘फोटोची घाई नको’ लिहिलंत ते याचसाठी.

आणि परतीचं गणित. पंचवटी सव्वासहाला सुटते, म्हणून बेटावरून साडेतीनची लाँच सोडायची नाही. तासभर पाण्यात, अर्धा तास गेटवे ते सीएसएमटी, आणि उरलेला वेळ रांगेसाठी राखीव. तिकिटाचा अर्धा भाग परतताना मागतात, तो फेकायचा नाही. वेळ उरला तर स्टेशनाची इमारत रस्त्यापलीकडून, महापालिकेच्या बाजूने पाहायची.

तुमच्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला या. आदल्या रात्रीच त्र्यंबकला पोचा. चिखलात पाय कुठे टाकायचा, ते या खेपेला आम्ही सांगू.

तुमचे,
नाशिकहून सहलींची आखणी करणारे आम्ही सगळे