सेफ्टी मॅडम, आभार मानायचे राहूनच गेले होते

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला सगळी वरची मंडळीच उभी राहिली. आपल्या कॉल सेंटरमध्ये फोन घेणाऱ्यांपैकी कुणालाच बोलावलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

कोविडच्या पहिल्या दिवसांत ऑफिस सुरक्षित करायचं म्हणजे दारात थर्मल गन, टेबलांवर फवारणी आणि ‘मास्क लावा’ची पाटी, एवढाच सगळ्यांचा समज होता. आमच्याकडेही तेच चाललं होतं. तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न भलताच विचारलात : हजेरी बोनस कसा मिळतो? महिन्यात एकही खाडा नसेल तरच मिळायचा. शिवाय आजारपणाच्या रजेला पहिल्या दिवसापासून डॉक्टरचं सर्टिफिकेट लागायचं. म्हणजे अंगात कणकण असलेला माणूस गोळी घेऊन कामावर येणार, याची सोय कंपनीनेच करून ठेवलेली. साथ असेपर्यंत दोन्ही अटी तुम्ही काढायला लावल्यात आणि रजा पगारी करून घेतलीत. हाऊसकीपिंग आणि सिक्युरिटीचे लोक कंत्राटी, त्यामुळे यादीत नव्हतेच. ‘दिवसभर सगळ्या मजल्यांवर फिरतात ते हेच, आणि रजा नाही तीही यांनाच?’ असं तुम्ही एचआरला भर मीटिंगमध्ये विचारलंत. ती शांतता आम्हाला फार आवडली होती.

पण लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीच माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते, म्हणून नुसत्या रजेवर भागणार नव्हतं. तेव्हा तुम्ही दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या एका कॉल सेंटरची गोष्ट सांगितलीत. मार्च २०२०. अकराव्या मजल्यावर २१६ जण कामाला, त्यातल्या ९४ जणांना लागण, आणि त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे. लिफ्ट आणि लॉबी सगळ्यांची एकच, तरी इतर मजल्यांवर तुरळकच. आमचंही काम तेच : बंद हॉलमध्ये शेजारी शेजारी बसून अखंड बोलत राहायचं. टेबलं पुसून पुसून चकचकीत केली होती, हवेकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. बाहेरची हवा आत घेणारा एसीचा डॅम्पर, म्हणजे झडप, वीजबिल वाचवायला जवळजवळ बंदच ठेवला होता, हे तुम्ही छतावर स्वतः चढून शोधलंत.

मग आला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो, आत तो ८०० च्या खाली राहिला पाहिजे, एवढंच तुम्ही सांगितलंत आणि मीटर ट्रेनिंग रूममध्ये ठेवून दिलात. नवीन बॅच बसली, दार लागलं आणि अर्ध्या तासात आकडा १,९०० च्या वर. एकमेकांनी सोडलेला श्वासच आपण आत घेतोय हे त्याआधी कुणी आम्हाला कितीही समजावलं असतं तरी पटलं नसतं. पुढे हवा गाळणारी हेपा फिल्टरची मशीनं आली, तेव्हा आकडा हलेना म्हणून ‘मशीन फुकट गेलं’ अशी ओरड झाली. त्यावर तुम्ही न चिडता समजावलंत की फिल्टर हवेतले कण अडवतो, वायू नाही. विषाणू कणांवर बसून येतो, म्हणून मशीन काम करतंय आणि मीटरही खोटं बोलत नाही. ट्रेनिंगची बॅच अर्धी केलीत आणि डॅम्पर उघडायला लावलात, तेव्हा कुठे आकडा उतरला. पँट्रीत तर मास्क उतरणारच, म्हणून ब्रेकच्या वेळा पुढेमागे केल्यात. हेडसेट प्रत्येकाला स्वतःचा मिळाला. आदल्या शिफ्टच्या घामाने ओला झालेला माइकचा स्पंज तोंडासमोर धरायची वेळ पुन्हा आली नाही.

एन-९५ तुम्ही सगळ्यात शेवटी दिलेत. आधी धोका कमी करायचा, मग जागा सुधारायची, मग नियम, आणि उरलेल्यासाठी माणसाच्या अंगावरची साधनं. कारखान्यात धूळ आणि आवाजाच्या बाबतीत हाच क्रम असतो, असं तुम्ही म्हणालात. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं : मास्क हातात द्यायचा आणि आजारी पडला तर म्हणायचं, नीट लावला नसेल. तुम्ही आमच्यावर जबाबदारी ढकलून मोकळ्या झाला नाहीत, आभार खरे याचेच. मास्कमधून ग्राहकाला आवाज नीट जाईना, कॉल लांबायला लागले, टीम लीडर कुरकुरले. तेव्हा एएचटीचं, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचं, टार्गेटही तुम्हीच सैल करून घेतलंत. सेफ्टीवाल्यांना एएचटी म्हणजे काय हे ठाऊक असतं, हेच आमच्यासाठी नवल होतं.

मीटर अजून भिंतीवर आहे. मध्यंतरी कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला त्याचा प्लग काढला, तर तिसऱ्या शिफ्टने बोंबाबोंब केली. हजेरी बोनसची जुनी अट मात्र परत आणायचं घाटतंय. आम्ही लेखी विरोध दिलाय आणि त्याला तुमचं तेव्हाचं टिपण जसंच्या तसं जोडलंय. तुम्हाला न विचारता जोडलं, तेवढं चालवून घ्या.

आपला,
दुसऱ्या शिफ्टमधला एक फोन घेणारा