शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: आई घरापेक्षा मोठी का काढली?

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी चित्रकलेची शिक्षिका, 11 वर्षं झाली. मागच्या वर्षी तुम्ही माईक हातात घेऊन म्हणाला होतात की कलेच्या तासाला कोणी हात लावणार नाही, मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, आणि सोमवारी नवीन वेळापत्रक आलं तर आठवड्याच्या 2 तासांतला एक गणिताच्या सरावाला गेलेला. उरला एक. मिनिटं 40, पोरं 42. हिशोब तुम्हीच करा, सराव तुम्हाला जास्त.

त्याच दिवशी तपासणीला साहेब आले. दुसरीतल्या एका पोरानं आई घरापेक्षा मोठी काढलेली, त्यावर शेरा "प्रमाणबद्धता नाही". अहो, या वयात पोरं जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढतात, कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्डनी 1947 मध्येच पुस्तकात लिहून ठेवलंय. आणि साहेबांनी नुसतं विचारलं असतं तरी कळलं असतं, आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवसाचं चित्र होतं ते.

फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य काढून "हेच काढा" म्हणणं मलाही जमतं. 42 सारखे डोंगर, तपासायलाही बरे. पण मी सांगते, ज्याच्याशी काल भांडलात त्याच्या बाकावर जाऊन बसा आणि तिथून वर्ग काढा. एका मुलीनं शेवटच्या बाकावरून नुसती डोकीच डोकी काढली, फळा नाहीच. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून जागा बदलून दिली. याला गुणपत्रिकेत रकाना कुठला? "नीटनेटकेपणा, 5 पैकी", तोच ना?

रंग, कागद माझ्या पगारातून. कोणी गैरहजर असलं की "चित्रकलेच्या बाईंना पाठवा, त्यांना काय काम". बसलेल्या घशानं मी भूगोल शिकवलाय साहेब (नकाशे झकास काढले, ते सोडा). संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात 31 वं कलम आहे, मुलांना कलेत भाग घ्यायचा हक्क, जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी तो मान्य केलाय, सही करायला कोणाचं काय जातं म्हणा. भाषणात सर्जनशील पिढी पाहिजे आणि वर्गात रकाने भरा, ही कुठली तऱ्हा? मग पुढे माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत म्हणून समित्या नेमायलाही तुम्हीच मोकळे.

मागणी एवढीच, तास परत द्या, आणि शेरा मारायच्या आधी "हे काय काढलंयस, सांग" एवढं पोराला विचारायचं तपासणीवाल्यांना शिकवा.

तो मुलगा काल वही घेऊन आला, "बाई, आईला खोडून छोटी करू का?" मी अजून काही बोलले नाहीये. तुमच्या खात्याचं म्हणणं काय ते कळवा, म्हणजे त्याला सांगते.

आपली,
चित्रकलेच्या बाई