दादाचे दुखणे आणि मुक्ताचा प्रश्न

सांगली

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. लिहायला बसलो तो दादासाठी.

त्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेल्याचे तुला विनयकडून कळलेच असेल. रात्रीतून चार-चार वेळा उठावे लागत असताना ‘वयाचे आहे’ म्हणत तो वर्षभर गप्प राहिला, वहिनींनाही त्याने काही सांगितले नाही. आजार पसरलेला असल्यामुळे डॉक्टरांनी त्याची जनुक-चाचणी करून घेतली आणि बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला. हे नाव आपण स्तनांच्या कॅन्सरसंबंधीच ऐकत आलो. पण पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारे हे जनुक बिघडले, तर पुरुषाला प्रोस्टेटचा कॅन्सर कमी वयात आणि अधिक आक्रमक रूपात होऊ शकतो. कुसुममावशी चाळिशीतच का गेली, याचा विचार आपल्या घरातल्या एकाही पुरुषाने स्वतःच्या संदर्भात कधी केला नाही.

दोष आईकडून येवो वा वडिलांकडून, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. याच चाचणीसाठी मीही रक्त देऊन आलो आहे. दोष निघाला तर दरवर्षी पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारे प्रथिन, तपासावे लागेल. ते वाढले म्हणजे कॅन्सरच असे नाही, ग्रंथी सुजली किंवा संसर्ग झाला तरी वाढते, एवढे मी नीट समजून घेतले आहे.

माझी खरी काळजी दादाच्या मुलीची, मुक्ताची आहे. तिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, म्हणून तिला काही कळू द्यायचे नाही, असा दादाचा हट्ट आहे. जनुकात दोष असणे म्हणजे आजार होणे नव्हे, आणि तिला वेळेत कळले तर स्तनांच्या तपासण्या लवकर सुरू करता येतील, अंडाशये काढायची की नाही, हा निर्णयही विचारपूर्वक घेता येईल. चाचणी करायची की नाही, हे तिचे तिने ठरवावे. मावशीच्या मुलांनाही कळवायला हवे, पण दादा म्हणतो, घरचे दुखणे चव्हाट्यावर नको. तुझ्या वडिलांच्या, भाऊंच्या आजारपणात आपले जे भांडण झाले ते मी उकरून काढत नाही. परंतु सांगायचे की लपवायचे, हा तोच वाद आज माझ्या घरात उभा आहे आणि या वेळी आपण दोघे एकाच बाजूला असू, अशी माझी खात्री आहे.

दादा ऐकेल तर तुझेच ऐकेल. कॅरमची राणी तू खिशात घातली होतीस, हा आरोप त्याने परवा सलाईन चालू असतानाही केला आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला.

रागिणीवहिनींचा गुडघा कसा आहे? सूनबाईंची बदली झाली का? आणि भाऊंनाही प्रोस्टेटचाच कॅन्सर होता, हे विसरू नकोस. वडिलांना झालेला असला की मुलाचा धोका साधारण दुप्पट धरतात. तेव्हा टाळाटाळ न करता डॉक्टरांशी बोल.

बुधवारी दादाला परळला टाटामध्ये आणतो आहे. दुपारी ये, आणि वहिनी औषधे आणायला गेल्या की मुक्ताचा विषय तूच काढ.

तुझा,
अरविंद