उद्यान अधीक्षक साहेब, वेडेलिया भादरू नका, उपटा

मा. उद्यान अधीक्षक साहेब,
महानगरपालिका (कुठली ते लिहीत नाही, बऱ्याच जणांना आपलीच वाटेल)

सप्रेम नमस्कार. काल पालिकेच्या ॲपवर मेसेज आला, "गवत कापण्यात आले आहे, तक्रार निकाली." सोबत फोटो. फोटोत आमच्या सोसायटीच्या भिंतीलगतचा तुमचा सुशोभीकरणाचा पट्टा, मस्त भादरलेला, आणि कापलेला सगळा पाला आमच्याच भिंतीला लावून ढीग घातलेला. साहेब, गवत कापा असं मी म्हटलंच नव्हतं. वेडेलिया, म्हणजे तो जमिनीवर पसरणारा पिवळ्या फुलांचा वेल, मुळासकट काढा असं लिहिलं होतं. वॉर्ड ऑफिसच्या मीटिंगमध्ये तुमच्याच माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मॅडम, पावसाळ्याआधी क्लीन करून देतो." पावसाळा आला, मग मशीन आलं.

आता या मशीनने काय होतं ते ऐका. वेडेलियाला बी फारसं धरतच नाही, ते पसरतं तुकड्यांवर. प्रत्येक पेराला मुळं फुटतात. म्हणजे ग्रास कटर फिरवला की एका वेलाचे पन्नास तुकडे, वर धो धो पाऊस, की झाली पन्नास रोपं तयार. तुम्ही कापणी नाही केलीत हो, लावणी केलीत. पगारी माणसं लावून.

वर तुमचे मुकादम मला सांगतात, हा माका आहे ताई, केसांना लावा. माक्याचं फूल पांढरं असतं. आपल्याकडे पिवळा माका पण आहे, तो याच्या भावकीतलाच, पण त्याचं पान अरुंद आणि सरळ. याचं पान जाड, तुकतुकीत, दोन बाजूंना दोन टोकं बाहेर आलेली, तीन भागांचं. यासाठी बॉटनीची डिग्री लागत नाही, पान हातात घेऊन बघावं लागतं. मूळचं हे मेक्सिको, वेस्ट इंडीज, दक्षिण अमेरिकेकडचं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींची यादी आहे, त्यात हे आहे. आणि तुमच्या टेंडरच्या, लावायच्या रोपांच्या यादीतपण आहे. वा!

माझ्याकडे ते भिंतीच्या खालच्या, पाणी जायच्या भोकातून आलं. आधी कुंपणाशी, मग अनंताच्या बुंध्याशी, मग हळदीच्या वाफ्यात घुसलं. सासूबाईंच्या हातचा भुईचाफा होता, उन्हाळ्यात पानं यायच्या आधी मातीतून थेट फुलंच वर येतात तो, यंदा एक फूल नाही, येणार कुठून, वर वीतभर जाड थर बसलाय. वेल ओढला की कट्कन पेरावर तुटतो, पेर आत राहतं, आणि थोड्याच दिवसांत त्यावर दोन कोवळी पानं हजर. म्हणून ओल्या मातीत खुरपीने एकेक पेर उकरायचं, माती चाळायची, निघालेलं कंपोस्टमध्ये टाकायचं नाही कारण तिथेही ते जगतं, काळ्या पिशवीत गाठ मारून उन्हात पार कुजू द्यायचं, मोकळ्या जागेवर पुठ्ठे घालून वर पालापाचोळा पसरायचा, आणि तरीही सारखं वाकून बघत बसायचं. गुडघे माझे, कंबर माझी, फिजिओथेरपीचं बिल माझं, आणि मालमत्ता कर पण माझाच! तणनाशक मारा म्हणे. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने २०२२ मध्येच निर्बंधांचा आदेश काढला होता, ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच मारायचं असा. आणि मारून उपयोग काय, माझी हळद मरेल आणि भिंतीपलीकडून तुमचं पुन्हा येईल. शेजारचे काका म्हणतात, कित्ती छान पिवळी फुलं, कशाला मागे लागलात. त्यांच्या अंगणात फरशी आहे.

पण तुम्हाला एकट्याला काय बोलायचं, सगळी सिस्टीमच अशी. १९५५ च्या सुमाराला पुण्यात गाजर गवत दिसलं, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, आता ते नसलेलं गाव दाखवा. सुबाभूळ सरकारी वनीकरणातच हौसेने लावली, ती त्याच १०० मध्ये. जलपर्णीसुद्धा. तिचं तर टेंडर निघतं, काढतात, ती परत येते, परत टेंडर, तिच्यावर किती जणांचे बंगले झाले असतील देव जाणे. या परक्या जातींमुळे जगाचं वर्षाला ४२३ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असा २०२३ चा आंतरराष्ट्रीय रिपोर्ट आहे, रुपयात करायला गेले तर शून्यं मोजतानाच चुकायला झालं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने तर प्रत्येक पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपली कुठे बसते? ५ जूनला, पर्यावरण दिनाला, फोटोपुरती येते का?

असो. मागणं एवढंच आहे की भिंतीलगतचा ढीग आधी उचला, नाल्यात न टाकता. पट्टा खणून पेरांसकट साफ करून घ्या आणि ठेकेदाराला बिल त्यानंतर द्या. तिथे मंडूकपर्णी, जलपिंपळी अशी इथलीच, जमिनीलगत पसरणारी रोपं लावा, काहीच सुचलं नाही तर साधी हरळी लावा. आणि पुढच्या टेंडरमधली रोपांची यादी निघायच्या आधी वेबसाइटवर टाका, काय खोडायचं ते मी सांगते, फुकट सांगते, चहासुद्धा नको.

आपली,
एक करदाती
(या वर्षीची पावती जपून ठेवली आहे, लागली तर फोटो पाठवते)