या महिन्याचे पैसे निम्मेच का आले

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बँकेत काहीतरी अडलंय, असं मी फोनवर म्हणालो ते खोटं होतं. पैसे कॅसिनोत गेले. आईला हे कधी आणि कसं सांगायचं, ते तूच ठरव.

पहिल्यांदा ऑफिसातल्या मंडळींबरोबर गेलो. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. बाहेर उजाडलं तरी पत्ता लागू नये. नोटा देऊन चिप्स घेतल्या की पैसे हातातून गेलेच म्हणायचे. नोट मोडताना जीव जसा खालीवर होतो तसा त्या रंगीत चकत्या सरकवताना होत नाही.

रुलेटवर, म्हणजे फिरत्या चाकात गोळी सोडतात त्या खेळावर, बसलो. चाकावर 37 घरं, 1 ते 36, निम्मी लाल निम्मी काळी, आणि एक हिरवं शून्य. आपला आकडा लागला तर लावल्याच्या वर 35 पट मिळतात. 36 पट दिले असते तर हिशेब बरोबरीत सुटला असता. तेवढ्याशा फरकातून कॅसिनोला लावलेल्या दर शंभरामागे सरासरी 2.70 सुटतात. अमेरिकेतल्या दोन शून्यांच्या चाकावर 5.26.

हे सगळं मला बसायच्या आधीच ठाऊक होतं रे! 1913 साली मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत लागोपाठ 26 वेळा काळा आला आणि 'आता तरी लाल येणारच' म्हणत लोक बुडाले, हा किस्सा तर मीच सगळ्यांना रंगवून सांगायचो. तरी चारदा लाल आल्यावर मी काळ्यावर दुप्पट लावलं. आणि काळा आला! तिथेच घात झाला. हरलो असतो तर उठून घरी आलो असतो.

पुढे 17 वर लावलं, गोळी 34 मध्ये पडली. चाकावर ही दोन घरं अगदी शेजारी. थोडक्यात हुकलं, असं वाटत राहिलं. हुकलेल्याचं कोणी काही देत नाही, पण अंगात जोर तोच येतो.

पुढच्या शनिवारी गेलेलं काढायला एकटाच गेलो. त्याच्या पुढच्याही.

2013 पासून अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जुगाराला दारूसारख्याच व्यसनांत धरतात. त्यांच्या लक्षणांच्या यादीत गेलेलं वसूल करायला परत जाणं आहे आणि घरच्यांशी खोटं बोलणंही आहे. ते वाचलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मला आत सोडू नका, असं लिहून द्यायचा एक फॉर्म तिथेच मिळतो. काल भरून दिला. काउंटरवरच्या बाईंनी काही न विचारता फोटो काढून घेतला. राहिलेले पैसे पुढच्या पगाराला पाठवतो.

तुझा धाकटा