मोत्याने उंदराचं औषध खाल्लं तेव्हा

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना की भाताच्या पोत्यांत उंदीर झालेत म्हणून औषध आणलंय, आणि मागे तुझं ते पिल्लू केकाटत होतं, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायलाच बसलो.

मागच्या श्रावणात आमच्या मोत्याने कोठीच्या खोलीतली निळी वडी खाल्ली. मी बघितलं तेव्हा मिशांना निळा चुरा, आणि हा शेपटी हलवत उभा, एकदम ठणठणीत! आई म्हणाली दूध पाज, शेजारचे काका म्हणाले मिठाचं पाणी पाजून ओकायला लाव, मी म्हटलं सकाळपर्यंत बघू. बायकोने मात्र पाकीट हुडकून डॉक्टरांना वाचून दाखवलं, ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के. ते म्हणाले घरी काहीच पाजू नका, मिठाने तर वेगळीच विषबाधा होते, पाकीट आणि कुत्रा घेऊन आत्ता निघा.

अरे, हे औषध लगेच काही दाखवतच नाही. शरीरात के व्हिटॅमिन परत तयार होणं थांबतं, असलेला साठा संपला की रक्त गोठत नाही. त्यामुळे ३ ते ५ दिवस कुत्रा मस्त खेळतो आणि मग मरगळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, आतल्या आत रक्तस्राव. आम्ही तासाभरात पोचलो म्हणून इंजेक्शन देऊन ओकवता आलं, सगळे निळे तुकडे पडले, बघून माझे पाय कापायला लागले रे. नंतर ४ आठवडे के-१ च्या गोळ्या, तूप लावलेल्या पोळीतून, एकही चुकवली नाही. गोळ्या थांबवल्यावर २ दिवसांनी रक्त तपासलं, तेव्हा कुठे मला नीट झोप लागली.

तुझ्याकडे शेतातली काळी पूड असेल, झिंक फॉस्फाईड, तर ती फार वाईट. पोटातल्या आम्लाने तिचा विषारी वायू होतो, काही तासांत खेळ खलास. त्यावर खायला अजिबात देऊ नकोस, आम्ल आणखी वाढतं. आणि गाडीत ओकला तर काचा उघड, तो वायू आपल्यालाही बाधतो.

आज घरी गेलास की आधी पाकिटाचा फोटो पाठव. आणि ते पोत्यांमागून काढून कुलपात ठेव, पिल्लाचं नाक कुठेही पोचतं.

तुझा,
बाळ्या